कंबरदुखीचं ॲप आणि पाठीला चिकटवायचं यंत्र, दोन्ही वापरून लिहितेय

आधीच निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना गाडी पकडायचीय ते इथूनच सुटतील. फोनवरून फिजिओच्या देखरेखीखाली व्यायाम करायचा जो प्रोग्रॅम असतो तो घ्या, पैसे वसूल होतात. पाठीला चिकटवायचं, वाकलं की थरथरणारं ते पोश्चरचं यंत्र मात्र घेऊ नका, आणि घेऊन बसलाच असाल तर निदान त्याचं सगळं ऐकू नका. नावं दोन्हींची देत नाहीये. ॲप आमच्या कंपनीच्या हेल्थ बेनिफिटमधून मिळालं, प्रत्येक कंपनीचं टायअप वेगळं असतं, आणि ती यंत्रं ऑनलाइन बघाल तर एकाच साच्यातून काढल्यासारखी दहा नावांनी मिळतात.

माझं दुखणं काही जगावेगळं नाही. बेचाळिशी, ऐरोलीला दिवसभर बसून काम, डोंबिवलीहून ठाणे आणि ठाण्याला गाडी बदलून पुढे, घरी आलं की ओट्याशी उभं. कमरेत खाली उजवीकडे एक ठणका आहे जो कधी पूर्ण जात नाही आणि कधी इतकाही वाढत नाही की रजा टाकावी, मधूनच उसण भरली की मात्र दोन दिवस आडवं. तीन महिन्यांच्या वर टिकलं की त्याला क्रॉनिक म्हणतात, ती मुदत माझी केव्हाच उलटून गेलीय. एमआरआय झाला, एल फोर एल फाइव्हला डिस्क बल्ज निघाला, म्हणजे कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी जरा बाहेर फुगलेली, ऑर्थोने फिल्म उजेडासमोर धरली, ऑपरेशनची गरज नाही व्यायाम करा म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कुठला व्यायाम, किती, दुखत असताना करायचा की थांबल्यावर, हे विचारेपर्यंत मी बाहेरच्या बाकड्यावर होते. मग नेहमीची परिक्रमा झाली, महानारायण तेल, निर्गुडीचा शेक, कमरेचा पट्टा, नाक्यावरच्या क्लिनिकात दहा सिटिंगचं पॅकेज ज्यात ट्रॅक्शन लावतात म्हणजे कंबर ताणून धरतात, करंट लावतात आणि शेवटच्या दिवशी व्यायामाच्या चार चित्रांचा झेरॉक्स हातात देतात. पॅकेज चालू तोवर बरं, संपलं की तो झेरॉक्स फ्रिजवर मॅग्नेटखाली.

यंत्र आधी आलं म्हणून त्याचं आधी. नवऱ्याने वाढदिवसाला दिलं, साडेतीन हजारांच्या आसपास होतं (मला पैठणी चालली असती पण असो). अंगठ्याएवढा पांढरा तुकडा, दोन खांद्यांच्या मधे मानेच्या जरा खाली चिकटपट्टीने लावायचा नाहीतर गळ्यातल्या दोरीत अडकवायचा. आत अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ती ज्याच्यामुळे तोच भाग. सुरुवातीला ताठ बसून "हे माझं सरळ" असं त्याला दाखवायचं, मग त्या कोनापेक्षा जास्त झुकलात की काही सेकंद वाट बघून ते थरथरतं. संपली त्याची अक्कल. आता गंमत बघा, माझी कंबर दुखते साडीच्या निऱ्या खोचतो त्या रेषेत आणि हे मोजतंय मानेखाली. मी कमरेतून वाकले, कुल्ल्यातून वाकले की नुसते खांदे पाडून बसले यातला फरक त्याला कळायचं काही साधनच नाही, त्याला फक्त वरचा तुकडा किती अंशात कलला तेवढं कळतं.

त्यामुळे झालं काय की कणीक मळताना थर्र, बेसिनवर तोंड धुताना थर्र, लेकीच्या बुटाची लेस बांधताना थर्र, आणि ऑफिसात खुर्चीत घसरून पाठ मागे टेकवून आरामात बसले की हे महाशय गप्प. लोकलमध्ये तर विचारूच नका. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून बसलेली बाई सरळ बसूच शकत नाही, तिला बाहेरच्या बाजूला एक पाय रोवून पुढे कलूनच बसावं लागतं, त्यामुळे कळवा येईपर्यंत ते पाठीवर सारखं गुणगुणत होतं आणि शेजारची बाई शेवटी वैतागून म्हणाली "ओ ताई, तुमचा फोन कधीचा वाजतोय, उचला ना एकदाचा". तिला काय सांगणार, फोन नाहीये पाठ आहे म्हणून?

चिकटपट्टीचं वेगळंच. डबीत मोजून पट्ट्या येतात, संपल्या की वेगळ्या विकत घ्यायच्या, आणि ज्यांनी कोणी त्या बनवल्या त्यांनी मे महिन्यातला डोंबिवलीचा घाम बघितलेला नाही. दुपारपर्यंत एक कड सुटायचीच, एकदा तर मीटिंग चालू असताना ते कुर्त्यातून घसरत कमरेपाशी येऊन थांबलं आणि तिथून थरथरायला लागलं. त्या जागेवर लाल पुरळ आलं ते आलंच. दोरीचा पर्याय बरा पण हललं की त्याचा कोन बदलतो, मग परत ताठ बसून परत शिकवा.

आणि ते ऐकून होतं काय, तर मी दिवसभर ताठ बसायला लागले, छाती पुढे, श्वास वर, पोट आत, आणि संध्याकाळी कंबर तर दुखायचीच वर खांद्यांतही गाठी यायच्या. नंतर ॲपवरच्या फिजिओला हे सांगितलं तर ती हसलीच. म्हणाली, "मॅडम, दुखणाऱ्या माणसाची कंबर आधीच आवळलेली असते, त्यात तुम्ही आणखी आवळताय. एकच अशी बरोबर पोझिशन नसते. पाय वर घेऊन बसा, टेकून बसा, वाकडं बसा, फक्त एकाच पोझिशनमध्ये तासभर राहू नका." हे मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं, शाळेपासून नुसतं ताठ बस ताठ बस.

हा काही तिचा एकटीचा विचार नाही. ऑस्ट्रेलियात रिस्टोअर नावाची मोठी चाचणी झाली होती, २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, २० क्लिनिकमधले ४९२ कंबरदुखीवाले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला फिजिओने वेळ देऊन करून घेतलेली थेरपी, म्हणजे दुखण्याची भीती कुठे बसलीय ते शोधायचं आणि ज्या हालचालीला माणूस घाबरतो तीच हळूहळू सैल शरीराने करायला शिकवायची, आणि तिसऱ्या गटाला तीच थेरपी अधिक अंगावर हालचाल मोजणारे सेन्सर. १३ आठवड्यांनी थेरपीवाले दोन्ही गट नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगलेच पुढे होते, आणि सेन्सरवाले बिनसेन्सरवाल्यांपेक्षा पुढे नव्हते. आणि तिथले सेन्सर फिजिओच्या हातात होते, माझ्या साडेतीन हजारी तुकड्यापेक्षा कितीतरी हुशार होते, तरीही. हे वाचलं त्या दिवशी मी यंत्र डबीत घालून कपाटात टाकलं आणि नवऱ्याला लिंक पाठवली. त्याने अंगठा पाठवला, बाकी काही नाही.

मनगटावरच्या घड्याळाचं मात्र माझं मत जरा मऊ आहे. ते पाठीबद्दल काही सांगायचा आव आणत नाही, तासाच्या शेवटी उठ म्हणतं आणि पावलं मोजतं, एवढंच. उठण्याचा फायदा मला होतो, पण त्यासाठी महागडं घड्याळ हवं असं नाही, ऑफिसात पाण्याची छोटी बाटली ठेवली तरी दर तासाला उठावंच लागतं.

आता ॲप. परदेशात हे बरंच मोठं प्रकरण झालंय, अमेरिकेतलं हिंज हेल्थ कंपन्यांमार्फत त्यांच्या नोकरदारांना असा प्रोग्रॅम देतं, ते २०२५ मध्ये तिथल्या शेअर बाजारात आलं, स्वोर्ड हेल्थ मूळचं पोर्तुगालचं. जर्मनीत तर २०२० पासून डॉक्टर औषधासारखं चिठ्ठीवर ॲप लिहून देऊ शकतात आणि तिथला सरकारी आरोग्य विमा पैसे भरतो, कंबरदुखीची ॲप त्या यादीत आलेली आहेत. आपल्याकडे अजून ते कंपनीच्या बेनिफिटमधून नाहीतर स्वतःच्या खिशातून. मला कंपनीकडून फुकट मिळालं, बाहेरून घेतलं तर याच ॲपचा तिमाही प्लॅन चार हजारांच्या घरात दाखवतो. नाक्यावरच्या दहा सिटिंगला रिक्षाभाडं धरून मी यापेक्षा जास्त घातलेत.

सुरुवातीला लांबलचक प्रश्नावली येते, कंटाळा न करता भरा, कारण त्यात लघवी संडासवर ताबा जातोय का, मांड्यांच्या मधे बधिर वाटतं का, पायातली ताकद कमी होतेय का, ताप आहे का, वजन उगाच उतरतंय का असं विचारतात. यातलं एकालाही हो म्हटलं तर ॲप तिथेच थांबवतं आणि डॉक्टर गाठा म्हणतं. ही एक गोष्ट मला फार आवडली. यातलं काही असेल तर खरंच ॲप, तेल, पट्टा काहीही करत बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल.

मग येतो कॅमेरा, आणि इथे वन बीएचकेवाल्यांची परीक्षा. फोन उभा करून त्याच्यापासून सहा-सात फूट लांब उभं राहायचं, डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये यायला हवं. आमच्या हॉलमध्ये सहा फूट मोकळे मिळायला टीपॉय बेडरूममध्ये, डायनिंगच्या दोन खुर्च्या गॅलरीत, आणि फोन टीव्हीच्या खाली कुकरच्या डब्याला टेकवून. कॅमेरा तुमचे सांधे शोधतो, खांदा, कुल्ला, गुडघा, घोटा, आणि त्यांना रेषांनी जोडून स्क्रीनवर तुमच्यावरच काड्यांची बाहुली काढतो, त्या बाहुलीच्या कोनांवरून तो रिपीटेशन मोजतो आणि "अजून थोडं खाली" वगैरे बोलतो. उभ्याने करायच्या व्यायामात हे छान चालतं. पण घरातला गाउन घातला की त्याला गुडघे सापडत नाहीत, आडवं झालं की बाहुली घोटाळ्यात पडते, आणि ट्यूबलाइट मागे असेल तर विचारायलाच नको. एकदा मी स्क्वॉट करत असताना लेक मधे येऊन उड्या मारायला लागली, बाहुली टुणकन तिच्या अंगावर गेली आणि माझा सेट तिच्या उड्यांवर पूर्ण झाला, वर "व्हेरी गुड फॉर्म" असं कौतुक. कॅमेऱ्याला महत्त्व किती द्यायचं ते मी तेव्हाच ठरवलं. मोजणीपुरता ठीक आहे.

व्यायाम बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं हे तर सेतुबंधासन, आणि ते भुजंगासन, याला कंपनी पैसे देते?" अर्ध बरोबर आहे त्यांचं. पालथं झोपून हातांवर छाती उचलायचा प्रकार न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओने पाश्चात्त्य देशांत गाजवला, दिसायला तो बराचसा भुजंगच. गुडघ्या-तळहातांवर येऊन उजवा हात डावा पाय एकदम लांब करायचा, कुल्ले उचलायचे, कुशीवर झोपून कोपरावर अंग तोलायचं, यात नवं काही नाही, यूट्यूबवर ढिगाने पडलंय. मग पैसे कशाचे?

तर त्या व्हिडिओ कॉलचे. साधारण दोन आठवड्यांतून एकदा फिजिओ कॉलवर येते आणि मधे चॅटवर विचारता येतं. पहिल्याच कॉलला तिने एमआरआय नंतर बघते म्हणून बाजूला ठेवला आणि विचारलं, दिवसभरात नेमकं काय करताना दुखतं ते मला करून दाखवा. मी सांगितलं सकाळी बेसिनवर वाकले की आणि दिवाणाखालचा गव्हाचा डबा ओढताना. मग तिने पडद्याचा रॉड काढून आणायला लावला. तो पाठीवर उभा धरायचा, डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड तिन्हीला टेकलेला हवा, आणि मग गुडघे जरा सैल सोडून बूड मागे ढकलत वाकायचं, रॉड तिन्हीकडून सुटता कामा नये. पहिल्यांदा केलं तेव्हा रॉड लगेच माकडहाडापासून सुटला, कारण मला कुल्ल्यातून वाकताच येत नव्हतं, सगळं कमरेतूनच. आणि मी वाकताना श्वास धरून ठेवते हे तिने स्क्रीनवरून पकडलं. "सोडा श्वास, सोडा, काही तुटत नाहीये." असं बोलत बोलत रिकामा डबा, मग दोन किलोचा, मग पाच किलोचा. आता मी तो डबा ओढते आणि ओढल्यावर लक्षात येतं की अरे आपण विचारच नाही केला.

दुखलं तर थांबायचं का, हा मला छळणारा प्रश्न होता. तिचा हिशोब साधा होता, शून्य ते दहामध्ये चार-पाचपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत परत मूळपदावर आलं तर चालू ठेवा, त्यापेक्षा जास्त किंवा जास्त वेळ टिकलं तर मला कळवा, आपण कमी करू. मधे एकदा उसण भरली तेव्हा मी सगळं बंद करून पडून राहणार होते, चॅटवर लिहिलं तर तिने यादी कापून दोनच हलके प्रकार आणि घरातल्या घरात चालणं ठेवलं. पूर्वी मी अशा वेळी आठवडा झोपून काढला असता.

ॲपमध्ये रोज एक छोटा धडाही असतो, पाचेक मिनिटांचा, बरेचसे मी ढकलत ढकलत बघितले पण एमआरआयवरचा नीट बघा. २०१५ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला होता ज्यात ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन होते, आणि त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांना डिस्क बल्ज निघाला. न दुखणाऱ्या! मी तो रिपोर्ट कपाटात कुलूपबंद ठेवला होता, मणक्यात गॅप आहे म्हणून बादली उचलायची नाही असं घरच्यांनी ठरवून टाकलेलं. त्या धड्यानंतर बादली परत माझ्याकडे आली, हा त्याचा तोटा म्हणायचा.

नुसतं ॲप, फिजिओशिवाय, यावरही बोलायला हवं कारण स्वस्तातले प्लॅन तसेच असतात. नॉर्वे, डेन्मार्क, स्कॉटलंडच्या लोकांनी मिळून सेल्फबॅक नावाचं एक केलं होतं, मनगटाच्या बँडवरून पावलं घ्यायचं, त्यावरून दर आठवड्याचा प्लॅन बनवायचं. २०२१ मध्ये ४६१ लोकांवरची चाचणी छापून आली, तीन महिन्यांनी ॲपवाल्यांना बाकीच्यांपेक्षा फरक होता, पण किती, तर कंबरेमुळे रोजची कामं किती अडतात याच्या २४ गुणांच्या प्रश्नावलीत सरासरी एक गुणसुद्धा नाही. म्हणजे नुकसान काही नाही, पण चमत्काराची अपेक्षा ठेवून घेऊ नका. माझ्या मैत्रिणीने असा बिनमाणसाचा प्लॅन घेतला, पहिले काही दिवस उत्साहात, मग सकाळी सातला नोटिफिकेशन येतं आणि ती ते अंगठ्याने बाजूला सारते.

तक्रारी आहेतच. ॲप इंग्रजी आणि हिंदीत, मराठी नाही, सासूबाईंना लावून द्यायचं म्हटलं तर मला शेजारी उभं राहून भाषांतर करावं लागतं आणि त्या मधेच देवाचा दिवा लावायला उठतात. सलग दिवसांची साखळी तुटली की ॲप असं दुःखी तोंड करतं जणू घरात कोणी गेलंय, पाळी, ताप, गणपतीत गावाला जाणं यासाठी साखळी थांबवून ठेवायची सोयच नाही. नोंदणी करताना संमतीचं पान नीट वाचा, माझ्यात कंपनीला फक्त एकत्रित आकडे जातील असं लिहिलेलं होतं म्हणून मी हो म्हटलं, तुमच्यात काय लिहिलंय बघा.

पट्टा घेऊ का, टेन्स मशीन (ते कातडीवर पॅड लावून हलका करंट देणारं) घेऊ का असं ऑफिसात मला सगळेच विचारतात आता, जणू मीच ऑर्थो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायाम, समजावून सांगणं, मसाज वगैरे हो म्हटलंय, आणि पट्टे, ट्रॅक्शन, उपचाराचं अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नव्हे), टेन्स हे नेहमीच्या उपचारात नको म्हटलंय. म्हणजे माझ्या दहा सिटिंगमधला बराचसा भाग. शेकाने बरं वाटत असेल तर घ्या बापडे, मीही घेते, पण त्यासाठी पॅकेज नको.

आणि काहीच विकत घ्यायचं नसेल तर चाला. ऑस्ट्रेलियातच ७०१ लोकांवर चालण्याची चाचणी झाली, २०२४ मध्ये आली, ज्यांची कंबर दुखून बरी झाली होती त्यांना फिजिओने समजावून हळूहळू अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस चालण्यापर्यंत नेलं, तर दुखणं परत यायला मधला काळ २०८ दिवसांचा झाला, बाकीच्यांचा ११२. तिथेही बघा, माणूस होताच समजावायला. मी आता डोंबिवली स्टेशनवरून घरी रिक्षाच्या रांगेत न थांबता चालत येते, फडके रोडवर संध्याकाळी जी गर्दी असते तिला चालणं म्हणत असतील तर.

ॲपला पाचात चार, यंत्राला एक, तोही डबी छान होती म्हणून. एक चांदणी ॲपची कापली ती एवढ्यासाठी की मधेच माझी फिजिओ बदलली. न सांगता. नव्या मुलीने नमस्कार करून पहिलाच प्रश्न विचारला, "मॅम, दुखणं कधीपासून आहे?" आणि मी परत गव्हाच्या डब्यापासून सगळं सुरू केलं, जुन्या नोंदी तिला दिसतच नव्हत्या. बरी होती तीसुद्धा, पण रॉडवरून वाकण्यापर्यंत परत यायला वेळ गेला. त्यामुळे पैसे भरायच्या आधी डेमो कॉल मागा आणि त्यात बाकी काही नाही विचारलंत तरी चालेल, एवढं विचारा की शेवटपर्यंत हीच फिजिओ राहणार का, आणि बदलली तर आधीच्या नोंदी तिला दिसतात का. "शक्यतो" असं उत्तर आलं तर दुसरं ॲप बघा.